आईच्या मिठाला आप्पांचा शब्द

'टेक माय वर्ड फॉर इट' हे इंग्रजी वाक्य तमिळ माध्यमाच्या मुलींना समजावताना दर वर्षी माझा घसा बसायचा. तंजावरच्या एका मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. फळ्यावर हे वाक्य लिहिलं की पहिल्या बाकावरून ठरलेला प्रश्न यायचा, "मिस, म्हणजे प्रॉमिस?" प्रॉमिस नव्हे गं बायांनो, प्रॉमिस उद्याचं असतं. हे वाक्य आत्ताच्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल असतं. पुरावा मागू नकोस, मी सांगतोय एवढं तुला पुरे, असा त्याचा अर्थ. 'माझ्यावर विश्वास ठेव' म्हटलं की माणूस जरा काकुळतीला आल्यासारखा वाटतो. या वाक्यात विनवणी नाही, थोडा रुबाबच आहे. आणि ते कुठे वापरायचं? जिथे समोरच्याला लगेच खात्री करून घेता येत नाही तिथे. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ऊन आहे हे सांगताना कुणी असं बोलत नाही.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मिस, आणि तो माणूस खोटं बोलत असला तर?" मी म्हटलं, "तर ते त्याच्या माथी." तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. उत्तर काही बरोबर नव्हतं. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, वेळच वेळ आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं मराठी वाचून पुण्याकडच्या लोकांना हसू येईल, ते त्यांनी खुशाल हसावं. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत. मला देवनागरी येते ती हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. माझ्या भावाला तीही येत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी इथे काय लिहिलं आहे ते त्याला कळण्याची भीती नाही.

हे इंग्रजी वाक्य मी पुस्तकातून शिकले नाही. ते आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं होतं. आप्पा सरकारी पाटबंधारे खात्यात होते. कावेरीचे फाटे, फाट्यांचे कालवे, कालव्यांची दारं, यांत त्यांचं आयुष्य गेलं. तोंडात तमिळ, घरी मराठी, फाइलीत इंग्रजी. आणि या तिन्हींत कुठेही, अगदी उद्याच्या गोष्टीलाही, हे वाक्य ते चिकटवून द्यायचे. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या गावातले लोक कचेरीत येऊन विचारायचे, "सार, आमच्याकडे पाणी कधी?" आप्पा तमिळमध्ये सांगायचे, "शुक्रवारी येतं. टेक माय वर्ड फॉर इट." त्या लोकांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण साहेब इंग्रजीत बोलले म्हणजे पाणी येणार असं समजून ते जायचे. मग शुक्रवारी सकाळी आप्पा सायकल काढायचे आणि कालव्याच्या कडेकडेनं, नारळीच्या बागांतून, त्या गावापर्यंत पाणी पोचलं का ते स्वतः बघून यायचे. नसलं पोचलं तर संध्याकाळी जेवताना ते कुणाशी बोलत नसत.

घरात मात्र त्यांचं हे वाक्य म्हणजे थट्टेचा विषय होता. एकदा पापनाशमला एका लग्नाला निघालो होतो. बसनं जाऊ म्हणून आई सांगत होती. "पॅसेंजर आहे अकराला, टेक माय वर्ड फॉर इट," आप्पा म्हणाले. होती ती, पण रविवारी नव्हती, आणि तो रविवार होता. आम्ही सगळे रेशमी कपड्यांत घामाघूम होऊन स्टेशनच्या बाकावर बसलो. आईनं डब्यातली पोळी आम्हाला तिथेच वाढली. लग्नाला पोचलो तेव्हा जेवणाची शेवटची पंगत उठत होती. परतीच्या वाटेवर आई नुसती आप्पांकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुमचं ते इंग्लिश आतां पेटींत घालून ठेवा." बसमधले आम्ही सगळे हसलो. आप्पाही हसले.

हिंदी चित्रपटातला खलनायक कोण निघणार, कुठल्या आंब्यात कीड असणार, शेजारणीला मुलगा होणार की मुलगी, सगळीकडे त्यांचं वाक्य असायचं आणि निम्म्या वेळा ते तोंडघशी पडायचे. एका ठिकाणी मात्र त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नाही. ते ठिकाण म्हणजे आईचं मीठ.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्यात श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात करतात, आणि तो आधी चाखायचा नसतो. पितरांच्या नावानं जे ब्राह्मण जेवायला बसतात त्यांच्या पानात पडेपर्यंत त्याचा कण कुणाच्या जिभेला लागता कामा नये. त्यांनी जेवताना बोलायचं नसतं. चांगलं झालंय असंही म्हणायचं नाही, बिघडलंय असंही नाही. पानात मीठ वाढत नाहीत, त्यामुळे कमी पडलं तर वरून घेताही येत नाही. जेवण झालं की घरचा कर्ता त्यांना संस्कृतात विचारतो, तृप्त झालात का, आणि ते संस्कृतातच म्हणतात, तृप्त झालो. अळणी जेवले असले तरी हेच म्हणतात. त्यामुळे स्वयंपाक कसा झाला आहे ते घरच्यांना कळतं ते ब्राह्मण निघून गेल्यावर. तेव्हा पहिला घास कर्त्याचा.

आमच्या आजोबांचं श्राद्ध दर वर्षी मार्गशीर्षात यायचं. आप्पांना भाऊ नव्हता, त्यामुळे ब्राह्मण गेले की ते एकटेच पानावर बसत. आम्ही मुलं मागून बायकांच्या पंगतीला. पोटात कावळे ओरडत असायचे. आप्पांची आई, म्हणजे माझी आजी, आतल्या खोलीत खांबाला टेकून बसलेली असे. आप्पांनी पहिला घास घेतला की ती आतूनच विचारी, "काय रे, मीठ कसं?" आप्पा घास गिळत आणि मोठ्यानं म्हणत, "बरोबर आहे. टेक माय वर्ड फॉर इट." मग जेवण सावकाश संपवून हात धुवून ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात जात, आणि मग आमची पंगत मांडली जाई. आणि खरोखर, मीठ बरोबर असायचं. मुगाच्या वरणात, मिरीच्या आमटीत, कच्च्या केळ्याच्या भाजीत. तसल्या आमटीची चव मला पुन्हा कुठल्या पानावर मिळाली नाही. आजही मार्गशीर्षातली थंड हवा सुटली की मला आधी भूक लागते आणि मग आप्पा आठवतात.

न चाखता आईला मीठ कसं जमतं, याचं उत्तर आप्पांनी सगळ्या गोतावळ्यात पसरवून ठेवलं होतं. "आमच्या हिला वाफेवरून कळतं. उकळी आली की नुसता वास घेते आणि सांगते, एक चिमूट कमी आहे." कुंभकोणमच्या आत्या, पापनाशमचे मामा, सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. नव्या सुनांना आईचं उदाहरण द्यायचे. आई मात्र पदर खोचून कामाला लागे. मी मोठी झाल्यावर दोन-तीनदा आमटीच्या भांड्यावर नाक धरून बघितलं. मला मिरीनं शिंका आल्या, बाकी काही कळलं नाही. मी मनाशी म्हटलं, असेल तिच्या नाकात काही वेगळं, आपलं नाक आप्पांवर गेलं आहे.

पुढे आजी गेली, भाऊ नोकरीसाठी चेन्नईला गेला, मी लग्न न करता इथेच राहिले. मेलवीदीजवळचं भाड्याचं घर सोडून आम्ही मेडिकल कॉलेजच्या बाजूला एक लहान घर बांधलं. श्राद्ध चालू होतं, पहिला घासही चालू होता. प्रश्न विचारणारं कुणी उरलं नव्हतं तरी आप्पा पहिला घास घेऊन मोकळ्या खोलीकडे बघून सांगायचे, "बरोबर आहे," आणि त्यांचं वाक्य जोडायचे. मला त्याचं तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दुपारी जेवून आरामखुर्चीत झोपले ते उठले नाहीत. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. आई रडली नाही. आलेल्या बायकांनी तिला रडवायचा खूप प्रयत्न केला, आपल्याकडे तशी पद्धतच आहे, पण ती कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना कॉफी मिळाली का विचारत राहिली. महिना गेला, सहा महिने गेले, मासिक श्राद्धं भावानं चेन्नईला केली, आई तशीच. मला आधी वाटलं धीराची आहे. मग मला तिची काळजी वाटायला लागली, आणि काळजी वाटली की मी चिडचिड करते, तशी करत राहिले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हाची गोष्ट. मी बँकेतून घरी आले तर फाटकापाशीच करपट वास. आत धावले. गॅसवर वरण तळाला लागून काळं झालं होतं, घरभर धूर, आणि आई तिथेच हाताभरावर बसून शेवग्याचा पाला निवडत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? कॉफी देऊं?" मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे बघितलं. तिनं पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो ताप आला होता बघ, सगळ्या जगाला आला तो. तेव्हां गेला वास, तो आलाच नाहीं."

म्हणजे काही वर्षं झाली. काही वर्षं हिला ना कॉफीचा वास येत होता ना मोगऱ्याचा, आणि आम्ही एका घरात राहून मला पत्ता नाही. मग माझ्या ध्यानात आलं. त्या तापानंतरच आप्पा पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले होते. आणि पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "दूध बघ." "वरण बघ." "तूप पुरे झालं." मला वाटायचं, निवृत्त माणूस, काम नाही, बायकोच्या मागे लागतो. मी त्यांना तसं बोललेही होते, "आप्पा, तिला सुखानं करू दे की!" दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसले होते.

मी बाहेर जाऊन लगेच भावाला फोन केला. भाऊ म्हणजे चांगला मुलगा, पण सगळं त्याला पैसे टाकून सोपं करायचं असतं. "अक्का, केटरर सांगूं या. तिरुवैयारचे आहेत, मडीनं, सोवळ्यानं करितात, भांडी-पानं सगळं घेऊन येतात. टेन्शन नाहीं." वहिनीच्या पायाला प्लास्टर होतं, ती येणार नव्हती. मलाही ते पटलं. वाफेवरून मीठ ओळखणाऱ्या बाईचं नाकच गेलं, आणि स्वयंपाक असा की चाखायची सोय नाही. आप्पांचं पहिलंच वर्षश्राद्ध, त्यात काही बिघडलं तर आईच्या मनाला ते किती लागेल!

आईला सांगितलं तर ती ताडकन म्हणाली, "माझ्या घरांत मी जिवंत असतां दुसरं कोण करणार? मीच करत्यें."

"आणि मीठ?"

"मिठाला काय झालं?"

"आई, तुला वास येत नाही!" माझा आवाज चढला. "तू ओळखणार कशी?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागली. आप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदा तोंडभर हसत होती. "ऐय्यो, एवढी शिकलीस, पोरींना शिकिवलंस. मिठाला वास कधीं असतो का गं?"

मी तिथेच खाली बसले. आणि आईनं मला जे सांगितलं ते तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षीचं आजोबांचं श्राद्ध. मिठाचं काम आजीचं. इतर काही सुनेनं करावं, पण मीठ घालायचं ते आजीनंच, कारण न चाखता मीठ घालायला हात बसलेला लागतो. त्या दिवशी आजीला सकाळीच चक्कर आली आणि ती आतल्या खोलीत जाऊन पडली. आईला वाटलं, सासूबाई जायच्या आधी मीठ घालून गेल्या. आजीला वाटलं, मी आत आले म्हटल्यावर सून घालेल. बोलून विचारायचं धाडस नव्या सुनेला झालं नाही, आणि चाखून बघायची सोय नव्हती. सगळा स्वयंपाक बिनमिठाचा झाला. वरण, आमटी, भाज्या, वडे, सगळा. ब्राह्मण जेवले, तृप्त झालो म्हणाले, दक्षिणा घेऊन गेले.

"मग तुझे आप्पा बसले," आई सांगत होती. "मी वाढत होत्यें. पहिला घास तोंडांत घातला आणि हात थांबला. माझ्याकडे बघितलं. तेव्हां मला कळलं.  आंतून सासूबाईंनी विचारलं, मीठ कसं रे? मी म्हटलं, संपलं आपलं या घरांत. तर हे म्हणतात कसे, बरोबर आहे. सासूबाई म्हणाल्या, खरं? तर ते इंग्लिश म्हणाले. मला काय कळतंय तेव्हां इंग्लिश, पण सासूबाई गप्प झाल्या."

आप्पांनी ते बिनमिठाचं पान सगळं संपवलं. सावकाश, पुन्हा वाढून घेऊन. मग हात धुतले, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आले, आणि मिठाच्या भांड्यात हात घालून एकेका पातेल्यात मीठ टाकलं आणि ढवळलं. ब्राह्मण जेवून गेले होते, आता काही बाटायचं उरलं नव्हतं. आई दाराला धरून उभी होती. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाहेर जाऊन म्हणाले, बायकांची पानं मांडा.

"दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना सांगायला लागले, हिला वाफेवरून मीठ कळतं म्हणून. का, तर सासूबाई पुढच्या वर्षी माझ्या डोक्यावर उभ्या राहूं नयेत. मी हातानं घालत्यें गं मीठ. अंदाजानं. सगळ्या बायका घालतात तसं."

आता मला आठवलं. आप्पांच्या पानाशेजारी पाण्याचं भांडं नेहमी भरून ठेवलेलं असायचं. तरीही दर वर्षी ते पाणी प्यायला आत जात.

"दर वर्षी तेच करायचे?" मी विचारलं.

"तें मला ठाऊक नाहीं." आईचा आवाज एकदम बदलला. "मी विचारलं नाहीं, त्यांनीं सांगितलं नाहीं. ते आंत गेले कीं मी बाहेर थांबायची. एकदां चुकून आंत आल्यें तर आमटींत गरम पाणी ओतीत होते. मी तशीच मागें फिरल्यें. इतकीं वर्षं करत्यें मी हा स्वयंपाक, सगळे नांव घेतात, पण माझं मीठ बरोबर होतं कीं त्यांनीं बरोबर केलं, तें मला आजवर माहीत नाहीं."

शेवग्याचा पाला तिच्या मांडीवर तसाच पडला होता. ती पुढे म्हणाली, "केटरर नको. माझ्यासाठीं अळणी जेवला तो माणूस. त्याच्या तिथीला मी दुसऱ्याच्या हातचं वाढूं?"

मी भावाला फोन करून केटरर नको म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, आई म्हणते म्हणून.

श्राद्धाच्या दिवशी आई पहाटे न्हाली आणि ओलेत्यानं चुलीपाशी आली. मी हाताखाली होते. लग्न न केल्याचा एवढा एक फायदा, गोत्र तेच राहिलं, सोवळ्यात मला चालतं. तिनं मला काही करू दिलं नाही म्हणा. मी खोबरं खवलं, केळी चिरली आणि मुख्य म्हणजे दारात आप्पांच्या जागी बसून, "वरण बघ, तूप पुरे," एवढं म्हणत राहिले. मीठ घालताना तिनं प्रत्येक पातेल्यापाशी थांबून मूठ उघडून बघितली. आमटीपाशी जरा जास्त वेळ थांबली. घातलं की नाही असा तिला संशय आला असावा, कारण तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मीही नक्की सांगू शकले नाही, आणि तिनं आणखी थोडं घातलं.

ब्राह्मण आले, होम झाला. ते जेवायला बसले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, पण मुरलेली माणसं ती, भुवईसुद्धा हलली नाही. भावानं अडखळत, कागदावर तमिळ लिपीत लिहून घेतलेलं संस्कृत वाचत विचारलं, तृप्त झालात का. तृप्त झालो, म्हणाले. निघून गेले.

मग भाऊ पानावर बसला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी. भावानं भात कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला, अंगठा वर केला आणि म्हणाला, "सूपर मा!" तो वहिनीच्या हातची करपलेली डोशीही सूपर म्हणून खातो. आईनं मान हलवली. तिचा त्याच्यावर काडीइतका भरवसा बसलेला नव्हता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तूं बैस. तूं जेव आतां."

मी बसले. तिनं स्वतः वाढलं. वरण-भात बरोबर होता. केळ्याची भाजी छान होती. मग आमटी. पहिल्या घोटालाच जिभेला कळलं. खारट. तोंड वाकडं होण्याइतकी नाही, पण खारट, मीठ दोनदा पडलेलं.

मी मान वर केली. आई माझ्याकडे बघत होती. तिनं मीठ कसं आहे असं विचारलंही नाही. मला सांगायला लाज नाही, आप्पांचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हणावं, जेवण संपवावं, पाणी प्यायला आत जावं आणि आमटीत गरम पाणी ओतावं. ते अवघडही नव्हतं. पण ते आप्पांनी केलं होतं आणि ते त्यांनाच शोभलं. आईनं आपल्या मनातली सगळ्यात जुनी गोष्ट माझ्यापाशी उघडी केली होती. तिला माझ्या तोंडून काय हवं होतं ते मला कळलं, आणि मला राग आला, की ते सांगण्याचं काम माझ्याच वाट्याला यावं.

"आमटी खारट झालीय आई," मी म्हटलं. "बाकी सगळं बरोबर आहे. आमटी खारट आहे."

भावानं माझ्याकडे असं बघितलं की आता पानावरून उठून मारतो की काय. "अक्का! आज तरी!" म्हणाला.

आई वळली. आत गेली, पळीभर आमटी वाटीत घेऊन आली आणि माझ्या पानासमोर जमिनीवर बसली. तिनं वाटी तोंडाला लावली. तिचा वास गेला होता, पण खारट-गोड जिभेला कळत होतं. तिनं ती सावकाश पिऊन संपवली.

"होय," ती म्हणाली. "खारटच झाली आहे."

तिनं वाटी खाली ठेवली. ती भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोकडे बघत राहिली, आणि मग तिचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

"या घरांत मला खारट म्हणून पहिल्यांदा कुणी सांगितलं गं," ती म्हणाली. "गेले खरंच ते." आणि वर्षभर न रडलेली माझी आई, आम्हा दोघांच्या उष्ट्या पानांसमोर बसून, मोठमोठ्यानं रडायला लागली.